आजारी श्वानाचा सांभाळ : एक दीर्घ मुदतीची जबाबदारी

रस्त्यावर जखमी अथवा आजारी अवस्थेत सापडलेल्या कुत्र्यास घरी आणून त्याचा प्राण वाचविणारी कुटुंबे आज आपल्या बहुतेक सर्व शहरांत आढळतात. आपल्या बँकेच्या ग्राहकांत ती आहेत, तशीच कर्मचाऱ्यांतही आहेत. पहिले पंधरा दिवस घरातील सर्वांच्याच अंगी उत्साह असतो. पशुवैद्यकाकडे नेणे, सलाईन लावणे, रात्री उठून पाणी पाजणे ही कामे लोक आपापसांत वाटून घेतात. खरा प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर. जखम भरून येते, कुत्रा शेपूट हलवू लागतो, आणि नेमक्या त्याच सुमारास पशुवैद्यक सांगतात की, हा आजार पूर्णपणे जाणारा नाही; तो सांभाळावा लागेल. प्रस्तुत लेखाचा विषय हा 'सांभाळ' आहे.

एका वेळी मोठी रक्कम खर्च करून शस्त्रक्रिया करून घेणे हे त्या मानाने सोपे काम होय. दररोज सकाळी आठ वाजता एक गोळी, दर महिन्याला एक औषध आणि दर तीन महिन्यांनी एक रक्ततपासणी हे वर्षानुवर्षे न चुकता करणे अवघड असते. दीर्घ आजाराच्या कुत्र्याचे आयुष्य मात्र बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या कामावरच अवलंबून असते.

रस्त्यावरील कुत्रा कोणते आजार घेऊन येतो?

आपल्याकडील देशी कुत्रा जात्या काटक असतो. तरीही उपासमार, अपघात, गोचिडी आणि लसीकरणाचा अभाव यांमुळे त्याच्या शरीरात काही दुखणी घर करून बसतात. लूत अथवा खरूज दिसायला सर्वांत भयंकर. परंतु बहुधा ती दोन-तीन महिन्यांच्या उपचाराने बरी होते. खरजेचा एक प्रकार माणसासही काही काळ खाज आणू शकतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगातून वाचलेल्या कुत्र्यांपैकी काहींचा एखादा पाय किंवा जबडा आयुष्यभर लयीत उडत राहतो. पाहणाऱ्यास त्याची कीव येते. कुत्रा मात्र त्यासह खातो, खेळतो व झोपतो. मोटारीखाली येऊन कंबरेपासून लुळ्या पडलेल्या कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते. हे तंत्र पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे लागते. अन्यथा लघवीत जंतुसंसर्ग होतो व तो वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांसाठी जाड व कोरडे अंथरूण हवे. ज्या घरी दिवसभर कोणीही नसते, त्या घराने अशा कुत्र्याची जबाबदारी घेण्यापूर्वी दोन वेळा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि आपल्या उष्ण हवामानात सर्वाधिक कुत्र्यांना ग्रासणारा व घरच्यांना सर्वाधिक चकविणारा आजार म्हणजे गोचीड ताप. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते.

गोचीड ताप आणि त्याची तीन रूपे

'अर्लिकिया' नावाचा सूक्ष्म जिवाणू तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात शिरतो व पांढऱ्या पेशींत राहतो. १९३५ साली अल्जीरियात तो प्रथम ओळखला गेला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याची अनेक प्रशिक्षित कुत्री या रोगाने दगावली, तेव्हा जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले. चाव्यानंतर सुमारे एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रा खाणे सोडतो, अंगावरील गाठी सुजतात आणि रक्तातील प्लेटलेट घटतात. निरोगी कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट दर मायक्रोलिटरला साधारणपणे दोन ते पाच लाख असतात. या आजारात त्या काही हजारांवरही येऊ शकतात.

पुढची पायरी फसवी असते. उपचार न झाल्यास, अथवा अर्धवट झाल्यास, ताप आपोआप उतरतो आणि कुत्रा बरा दिसू लागतो. जिवाणू मात्र प्लीहेत दडून राहतो. ही स्थिती काही महिनेच नव्हे, तर काही वर्षेही टिकू शकते. काही कुत्र्यांत त्यानंतर तिसरे रूप प्रकट होते. अस्थिमज्जेचे कार्य मंदावते, रक्त तयार होईनासे होते, नाकातून रक्त येते, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. या अवस्थेतून कुत्र्यास परत आणणे पशुवैद्यकासही कठीण जाते.

यावर प्रमुख औषध डॉक्सिसायक्लिन होय. ते सर्वसाधारणतः २८ दिवस द्यावे लागते, आणि येथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप जातो, कुत्रा पूर्ववत् जेवू लागतो आणि 'आता कशाला औषध?' असा विचार घरात सुरू होतो. दहाव्या दिवशी थांबविलेले औषध हे मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीसारखे असते, असे मी आमच्या शाखेतील एका श्वानप्रेमी ग्राहकास सांगितले होते. त्यांना ते तत्काळ पटले. गोळी रिकाम्या पोटी दिल्यास उलटी होते, आणि कोरडी गिळल्यास अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते. म्हणून ती अन्नासोबत द्यावी व वर पाणी पाजावे. आपल्याकडे गोळी पेढ्यात दडवून देण्याची एक लोकप्रिय युक्ती आहे. या औषधाच्या बाबतीत ती टाळलेली बरी, कारण दुधातील कॅल्शियममुळे औषधाचे शोषण घटते. उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा मऊ भाताचा गोळा हा त्याहून चांगला मार्ग.

आमच्या घरी गेली सहा वर्षे असलेली 'चिमी' ही याच आजाराची रुग्ण आहे. भोपाळ येथे नेमणुकीवर असताना आमच्या इमारतीच्या वाहनतळात ती सापडली, त्या वेळी तिच्या प्लेटलेट अवघ्या ३८ हजार होत्या आणि दोन्ही कानांत द्राक्षांच्या घडासारख्या गोचिडी लटकलेल्या होत्या. अठ्ठावीस दिवसांच्या उपचारानंतर संख्या दोन लाखांवर गेली. त्यानंतर दीड वर्षाने, ऐन पावसाळ्यात, ती पुन्हा ७० हजारांवर घसरली. तिच्या वागण्यात काहीही फरक नव्हता. केवळ ठरलेल्या तिमाही तपासणीत हे लक्षात आले.

अहवाल वाचताना एक बाब समजून घेणे अगत्याचे आहे. रोगाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधणारी जी झटपट चाचणी असते, ती कुत्रा पूर्ण बरा झाल्यानंतरही कित्येक महिने 'पॉझिटिव्ह' येत राहू शकते. त्यामुळे केवळ त्या एका शब्दावरून घाबरून जाऊन पुन्हा औषधांचा मारा सुरू करणे योग्य नव्हे. प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि कुत्र्याची प्रकृती या तिन्हींचा एकत्र विचार पशुवैद्यक करतात. गोचिडींमुळेच होणारा 'बबेसिया' हा दुसरा आजार तांबड्या पेशी फोडतो. त्यात लघवी गडद चहासारखी होऊ शकते, आणि त्याचे औषध वेगळे असते. दोन्ही आजार एकाच कुत्र्यास एकाच वेळी झाल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून शेजारच्या कुत्र्याला लागू पडलेली औषधाची चिठ्ठी आपल्या कुत्र्यासाठी वापरू नये.

गोचीड घरात राहते, कुत्र्यावर नव्हे

तपकिरी गोचीड आपल्या आयुष्यातील फारच थोडा काळ कुत्र्याच्या अंगावर घालविते. रक्त पिऊन झाले की ती खाली उतरते व भिंतीच्या भेगा, दाराची चौकट, पडद्याची शिवण, सोफ्यामागील फट अशा जागी दडते. एक मादी हजारो अंडी घालते. प्रौढ गोचीड काहीही न खाता अनेक महिने तग धरते. अंगावरच्या वेचून टाकल्या आणि काम संपले असे मानणाऱ्या घरी म्हणूनच पंधरा दिवसांत पुन्हा गोचिडी दिसतात. गोचिडी वर चढतात. त्यामुळे फरशीइतकीच भिंत व चौकट पाहावी. भेगा बुजवाव्यात, अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत आणि फवारणी करावयाची झाल्यास कुत्रा व मुले यांना दूर ठेवून, जागा कोरडी झाल्यावरच परत आणावे. अंगावर रॉकेल चोळण्याचा जुना उपाय पूर्णपणे वर्ज्य. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यास विषबाधा होते. चिमटीने, कातडीलगत धरून, सरळ ओढून गोचीड काढावी; बोटांनी चिरडू नये.

आता एक महिना अथवा सुमारे तीन महिने परिणाम टिकणाऱ्या चघळण्याच्या गोळ्या मिळतात व त्या प्रभावी आहेत. मात्र ज्या कुत्र्यास फिट येतात, त्याच्याबाबत या वर्गातील गोळ्या देण्यापूर्वी पशुवैद्यकास तसे अवश्य सांगावे. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांमुळे काही प्राण्यांत झटके येऊ शकतात, अशी सूचना प्रसिद्ध केली होती.

फिट येणाऱ्या कुत्र्यांविषयी येथेच दोन शब्द. डोक्याला मार लागलेल्या किंवा डिस्टेंपरमधून उठलेल्या कुत्र्यांत हा त्रास राहून जातो. त्यासाठी फिनोबार्बिटोनसारखे औषध दीर्घकाळ, ठरलेल्या वेळीच द्यावे लागते. ते अचानक बंद केल्यास झटके पूर्वीपेक्षा तीव्र होऊन उलटू शकतात. हे औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात ते असतेच असे नाही. त्यामुळे दिवाळीच्या सुट्ट्या किंवा गावी जाणे असेल तर साठा आठवडाभर आधी पाहावा. झटका चालू असता तोंडात हात अथवा चमचा घालू नये, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक चाललेला झटका ही तातडीची वेळ समजून थेट दवाखाना गाठावा.

नोंदवही

हिशेबाच्या खात्यात नोकरी करणाऱ्यास नोंदींचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आजारी कुत्र्याच्या बाबतीत तर नोंद हाच त्याचा आवाज असतो. दुखते कोठे, कधीपासून, हे तो सांगू शकत नाही; वहीतील आकडे सांगतात. तारीख, वजन, खाणे, शौच, दिलेले औषध आणि काही निराळे आढळल्यास ते, एवढा मजकूर दररोज दोन ओळींत मावतो. वजनासाठी वेगळा काटा लागत नाही. कुत्र्यास उचलून घरच्या काट्यावर उभे राहावे व आपले वजन वजा करावे. कुत्र्याचे सर्वसाधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा अधिक. त्यामुळे हात लावून 'अंग गरम लागते' असे म्हणण्यास अर्थ नाही. गाढ झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या वर सातत्याने जात असतील, तर हृदय वा फुप्फुसाविषयी शंका घ्यावी. वरचा ओठ उचलून हिरडी दाबली असता पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हावयास हवा.

पाण्याची नोंद अनेक जण ठेवत नाहीत, आणि मूत्रपिंडाच्या विकारात तीच सर्वांत मोलाची ठरते. भांड्यात मोजून पाणी ओतावे व दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे. दिवसाकाठी दर किलो वजनामागे १०० मिलीलिटरहून अधिक पाणी पिणारा, म्हणजे १५ किलोचा असता दीड लिटरहून अधिक पिणारा कुत्रा तपासणीस न्यावा. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडाचा बराच भाग निकामी झालेला असतो. तहान त्याआधी वाढते.

आपले स्वयंपाकघर आणि आपली औषधपेटी

उरलेले वरण, भाजी-पोळी कुत्र्यास घालणे ही आपली परंपरा. निरोगी कुत्रा तेवढे पचवितो. परंतु कांदा व लसूण, कच्चे असोत वा फोडणीत शिजलेले, कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक असतात. आणि गोचीड तापाने आधीच रक्त कमी झालेल्या कुत्र्यास ते अधिकच बाधते. आपल्या आमटी-रश्शात कांदा-लसूण नसणे हा अपवादच असल्याने, कुत्र्याचे अन्न वेगळे शिजविणे हाच सोपा मार्ग. द्राक्षे व मनुका मूत्रपिंडास अपाय करतात, म्हणून प्रसादाच्या शिऱ्यावरही नजर ठेवावी लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णास हाडे, मीठ व अतिरिक्त मांस वर्ज्य. नेमके प्रमाण पशुवैद्यकाकडून लिहूनच घ्यावे.

घरातील वेदनाशामक गोळ्यांचा धोका याहून मोठा. आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरास व्रण पडतात व मूत्रपिंड निकामी होऊ शकते. गिधाडांच्या ऱ्हासास कारण ठरल्याने डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ साली बंदी आली, हे अनेकांना ठाऊक असेल. पण माणसासाठीची तीच गोळी 'लंगडतोय बिचारा' म्हणून कुत्र्यास देणारे आजही भेटतात.

पैशाची तरतूद

हा विषय टाळून चालणार नाही, कारण अर्धवट सुटलेल्या उपचारांमागे पुष्कळदा निष्काळजीपणा नसून महिनाअखेर असते. पाळीव प्राण्यांचा विमा काही सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. तथापि विमा घेण्यापूर्वीच असलेला आजार त्यातून साधारणतः वगळलेला असतो आणि वयाची अटही असते. आजारी स्थितीत घरी आलेल्या कुत्र्यास त्याचा लाभ म्हणूनच मर्यादित. अपघात वा नव्या आजारापुरता तो घ्यावयाचा असल्यास अटी संपूर्ण वाचून घ्याव्यात. मुख्य भरवसा स्वतःच्या तरतुदीवरच ठेवावा लागतो.

खर्चाचे दोन भाग करावेत. औषधे, गोचीडनाशक, तपासणी व वार्षिक लसी हा ठरलेला खर्च. त्याची वर्षाची बेरीज करून बारांनी भागावे व ती रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात वळती करण्याची स्थायी सूचना द्यावी. दुसरा भाग अचानक उद्भवणाऱ्या खर्चाचा. दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव वर्षाअखेरीस व्याज सोडून २४,००० रुपये हाती देते. मध्यरात्री रक्त चढविण्याची वेळ आली असता तहान लागल्यावर विहीर खणावी लागत नाही. शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तपासण्या तुलनेने अल्प दरात होतात. मुंबईतील परळचे महाविद्यालय तर १८८६ पासून कार्यरत आहे. तेथे रांग असते, हे खरे. पण तज्ज्ञता व खर्च यांचा मेळ घालता ती रांग परवडते.

कधी कधी पैसा असूनही प्रश्न सुटत नाही. वेदना औषधांना जुमानत नाही, कुत्रा उठत नाही, अन्नाकडे मान वळवितो. अशा वेळी पशुवैद्यक वेदनारहित दयामरणाचा पर्याय सुचवू शकतात. या निर्णयात आठवडाभराची नोंदवही पुन्हा उपयोगी पडते. सातपैकी किती दिवस तो जेवला, आपणहून उठला, आपल्याकडे आला, हे त्यात लिहिलेले असते, आणि घरातील चार जणांची चार मते असली तरी त्या ओळी सर्वांना सारख्याच दिसतात.

कायदा, सोसायटी आणि बदली

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनाशन व निर्बीजीकरण ही पालकाची जबाबदारी आहे. निर्बीजीकरण करवून घ्यावेच, मात्र प्लेटलेट कमी असताना ती शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. रेबीजची लस दरवर्षी. नव्याने आणलेल्या कुत्र्याने चावा घेतल्यास वा ओरखडल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसाचे लसीकरण सुरू करावे. 'घरचाच आहे' ही सबब येथे चालत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये, उपासमार वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. गृहनिर्माण संस्थांनी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू नये, अशा मार्गदर्शक सूचना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली दिल्या आहेत. शेजाऱ्यांची तक्रार बहुधा स्वच्छतेविषयी असते. पिशवी व पट्टा जवळ बाळगल्यास ती उद्भवतच नाही.

आमच्या कर्मचारी बंधुभगिनींसाठी बदली हा सर्वांत नाजूक प्रसंग. रेल्वेने प्रवास करताना वातानुकूलित प्रथम वर्गातील दोन किंवा चार शायिकांचा संपूर्ण कक्ष आपल्या कुटुंबासाठी आरक्षित असेल तरच कुत्रा सोबत ठेवता येतो. वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणीत अथवा शयनयानात त्यास परवानगी नाही. अन्यथा त्यास ब्रेकव्हॅनमधील पेटीतून पाठवावे लागते. मे महिन्यात आजारी कुत्र्यास असे पाठविणे मी तरी कोणास सुचविणार नाही. लसीकरणाचे प्रमाणपत्र दोन्ही स्थितींत लागते. भोपाळहून पुण्यास बदली झाली तेव्हा आम्ही चिमीला मोटारीने आणले, वाटेत मुक्काम केला आणि निघण्यापूर्वी दोन गोष्टी मिळविल्या : जुन्या पशुवैद्यकांकडून तिच्या संपूर्ण उपचाराचा लेखी गोषवारा, आणि नव्या शहरातील पशुवैद्यकांची वेळ. नव्या डॉक्टरांनी गोषवारा वाचून झाल्यावर वही मागितली, तिच्यातील पावसाळ्यांच्या पानांवर खुणा केल्या, आणि पुढील तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवली.